अंदाजांचं दुकान: पहिलं वर्ष

नोकरी सोडल्यावर स्वतःच्या नावाने दिलेला माझा पहिलाच अंदाज चुकला. तारीख १२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार. ऑक्टोबरचा किरकोळ महागाई दर ५.९ टक्के येईल असं मी चार दिवस आधी तीन ग्राहकांना लेखी कळवलं होतं. आला ६.२१. बाबा शेजारी बसून चहा पीत होते. माझा चेहरा बघून म्हणाले, "नापास का गं?" मी म्हटलं, "काठावर." ते म्हणाले, "काठावर म्हणजे पास. मग तोंड का असं?"

त्यानंतरच्या वर्षभरात बरंच काही घडलं. नोंदणी, परीक्षा, बँकेचे हेलपाटे, एक ग्राहक गेला, दोन आले. गुंतवणूकदारांसाठी स्वतंत्रपणे अर्थव्यवस्थेचे अंदाज बांधून देण्याचं काम सुरू करायचं तर नेमकं काय काय करावं लागतं, हे मला कुठे सलग वाचायला मिळालं नाही. तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं, त्यातलं काही महागात पडून कळलं. म्हणून तारखांसकट लिहून ठेवतेय.

मी सतरा वर्षं मुंबईत एका वित्तसंस्थेच्या अर्थशास्त्र विभागात होते. महागाई, औद्योगिक उत्पादन, जीडीपी, रिझर्व्ह बँकेचा रेपो दर (ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो), या चार गोष्टींचे अंदाज हेच काम. तिथे अंदाज संस्थेचा असतो. बरोबर आला तर संस्थेचा, चुकला तर "परिस्थिती बदलली". कुणाचंच नाव नसतं. ऑगस्ट २०२४ मध्ये राजीनामा दिला, ३० सप्टेंबर शेवटचा दिवस. अठरा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढून ठेवला होता आणि नाशिकला बाबांकडे परत आले. हा अठरा महिन्यांचा आकडा कमी करू नका. मला वाटलं होतं तितके पैसे लवकर आले नाहीत.

ऑक्टोबर कागदांत गेला, पण हा भाग सोपा आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनच्या जोरावर एका बैठकीत होते आणि ती पूर्ण फुकट आहे. शोधायला गेलात की सरकारीच वाटावीत अशी खासगी संकेतस्थळं आधी दिसतात आणि दोन-तीन हजार मागतात. मी एकावर निम्मा फॉर्म भरून बसले होते. पत्ता 'जीओव्ही डॉट इन'ने संपतो की नाही तेवढं पाहा. उद्यमचा खरा उपयोग मला पुढे कळला. लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिलं नाही, तर देणाऱ्या कंपनीला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी आयकरात दाखवता येतो. बिलाखाली उद्यम क्रमांक छापायला लागल्यापासून माझी बिलं वेळेवर यायला लागली, एकदाही आठवण न करता.

दुकाने व आस्थापना कायद्याखाली २०२४ मध्ये दहापेक्षा कमी माणसं असतील तर महाराष्ट्रात परवाना लागत नव्हता, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची होती. पावती मिळते, बँकेला चालू खात्यासाठी ती पुरते. व्यवसाय कराची नोंदणी केली, वर्षाला २,५०० रुपये. जीएसटी घ्यायचा की नाही यावर आमच्या सीएंशी दोनदा बोलणं झालं. सेवांसाठी वर्षाला २० लाखांपर्यंत लागत नाही, ग्राहक परराज्यातला असला तरी. माझा एक ग्राहक बंगळुरूचा, त्यामुळे मुद्दाम विचारलं. घेतला नाही.

कागदांपेक्षा अवघड निघालं ते एका साध्या प्रश्नाला उत्तर देणं. पुण्यातल्या एका उद्योजक कुटुंबाचे पैसे सांभाळणारे गृहस्थ होते, त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "मॅडम, ब्रोकरकडून असे अहवाल रोज फुकट येतात. तुमचा विकत का घ्यायचा?" मी त्या दिवशी 'दर्जा', 'सखोलता' वगैरे बोलले आणि मलाच ते पोकळ वाटलं. घरी येताना चाकणच्या ट्रॅफिकमध्ये खरं उत्तर सुचलं. ब्रोकरचा अहवाल फुकट नसतो, त्याचे पैसे दलालीतून जातात. तुम्ही खरेदी-विक्री केली तर त्याचं घर चालतं, त्यामुळे "या महिन्यात काहीच करू नका" असं लिहिणं त्याला जड जातं. माझ्याकडे विकायला फंड नाही, दलाली नाही, कर्ज नाही. मला "काही करू नका" लिहिणं परवडतं. आणि दुसरं म्हणजे माझ्या प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर आधीच्या सगळ्या अंदाजांचा तक्ता असेल: काय म्हटलं, काय आलं, किती चुकलं. दुसऱ्या दिवशी हे तसंच्या तसं लिहून पाठवलं. त्यांनी सहा महिन्यांसाठी होकार दिला.

तो तक्ता हे माझ्या धंद्याचं भांडवल आहे असं मी तेव्हा मोठ्या तोऱ्यात म्हणत होते. पहिल्याच ओळीत ५.९ विरुद्ध ६.२१ लिहावं लागलं.

ती चूक कशी झाली ते सांगते, कारण काम कसं चालतं ते त्यातून कळेल. तेव्हाच्या मालिकेत, म्हणजे २०१२ पायाभूत वर्षाच्या निर्देशांकात, अन्न व पेयांचा वाटा जवळपास ४६ टक्के होता. म्हणजे निम्मा अंदाज स्वयंपाकघरात. केंद्राचा ग्राहक व्यवहार विभाग डाळी, तांदूळ, तेल, कांदा, बटाटा, टोमॅटो अशा ३८ वस्तूंचे देशभरातले किरकोळ भाव रोज जाहीर करतो. त्यांची महिन्याची सरासरी काढायची, मागच्या महिन्याशी ताडायची, वजनं लावायची. बाजार समित्यांची आवक अ‍ॅगमार्कनेट या सरकारी पोर्टलवर मिळते. जीडीपीसाठी वाहन पोर्टलवरची नवी वाहनं, देशाचं वीजजाळं सांभाळणाऱ्या ग्रिड इंडियाचा रोजचा विजेच्या मागणीचा अहवाल, जीएसटी संकलन. हे सगळं फुकट आहे. सगळी आकडेवारी एका पडद्यावर देणारं लाखो रुपयांचं टर्मिनल घेतल्याशिवाय हे काम होत नाही असं मुंबईत वाटायचं. ते तितकंसं खरं नाही, फक्त एका टर्मिनलऐवजी पंधरा खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात.

आणि माझ्याकडे एक जास्तीची खिडकी आहे, निफाडजवळ राहणारा माझा मामा. त्याची कांद्याची शेती. लासलगावचा भाव तो पोर्टलच्या आधी सांगतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाज्यांचं मी बऱ्यापैकी बरोबर धरलं होतं. भाज्यांची महागाई वर्षभरापूर्वीच्या तुलनेत ४२ टक्क्यांवर गेली होती. मी हुकले तेलात. १४ सप्टेंबरला केंद्राने खाद्यतेलांवरचं आयात शुल्क वाढवलं होतं, कच्च्या खाद्यतेलावर ५.५ वरून २७.५ टक्के. दुकानांत जुना साठा आहे तोवर भाव हळूहळू चढतील असं मी धरलं. दुकानदार जुना साठाही नव्या भावाने विकतो. ही गोष्ट माझ्या आईला कुठल्याही पदवीशिवाय ठाऊक होती.

आता मुख्य भाग. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या त्याच गृहस्थांचा फोन आला. फेब्रुवारीत रिझर्व्ह बँक पाव टक्का कपात करेल असा माझा अंदाज होता. त्यांनी विचारलं, "मग बँकांचे शेअर घ्यायचे का? कुठल्या?" आणि मी सांगायला लागले. दोन नावं घेतली. फोन ठेवल्यावर पोटात खड्डा पडला.

शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीचे संशोधन विश्लेषकांबाबतचे, म्हणजे अभ्यास करून शेअरच्या शिफारशी देणाऱ्यांबाबतचे, नियम २०१४ चे आहेत. त्यात 'संशोधन अहवाल' कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे आणि कशाला म्हणायचं नाही याचीही यादी आहे. आर्थिक, राजकीय किंवा बाजारातल्या परिस्थितीवरचं भाष्य त्यातून वगळलेलं आहे. बाजाराच्या सर्वसाधारण कलाविषयीची टिप्पणी वगळली आहे, व्यापक निर्देशांकांवरची चर्चा वगळली आहे. म्हणजे "महागाई चार टक्क्यांवर येईल, रेपो दर कमी होईल" हे मी कुठल्याही नोंदणीशिवाय लिहू शकते आणि त्याचे पैसे घेऊ शकते. पण "म्हणून अमुक बँकेचा शेअर घ्या" म्हटलं की कुंपण ओलांडलं. माझं एक वाक्य कुंपणाच्या पलीकडे पडलं होतं.

एका वकील मैत्रिणीला गाठलं. ती म्हणाली, "दोन रस्ते आहेत. एक तर ग्राहकाने विचारलं तरी तोंड बंद ठेव. नाहीतर नोंदणी कर." मी महिनाभर तोंड बंद ठेवून पाहिलं. अवघड नाही, पण विचित्र आहे. डॉक्टरने ताप किती ते सांगायचं आणि गोळीचं नाव विचारलं की खिडकीबाहेर बघायचं, तसं. शिवाय वेळ बरी होती. डिसेंबर २०२४ मध्ये सेबीने नियम बरेच सैल केले होते: अनुभवाची अट गेली, नक्त मत्तेच्या (कर्ज वजा जाता उरणाऱ्या मालमत्तेच्या) अटीऐवजी ठेव आली, दुसरं काम सांभाळून अर्धवेळ विश्लेषक व्हायलाही वाट मिळाली. ८ जानेवारीला त्याचं सविस्तर परिपत्रक निघालं. ते छापून घ्या आणि दोनदा वाचा. ऐकीव माहितीत जुने आणि नवे नियम इतके मिसळलेले असतात की मला तिघांनी तीन वेगळ्या अटी सांगितल्या.

फेब्रुवारीत परीक्षा दिली, सेबीच्याच एनआयएसएम या प्रशिक्षण संस्थेची पंधरावी मालिका, संशोधन विश्लेषक. शुल्क दीड हजार आणि वर कर. दोन तास, १०० गुण, ६० ला पास, चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण कापतात. अभ्यासाचं पुस्तक नोंदणी केल्यावर तेच देतात, बाहेरच्या क्लासची गरज नाही. सतरा वर्षं हेच काम केलंय म्हणून मी आठ दिवस ठेवले होते. अर्थशास्त्राचा भाग वाचलाच नाही. पण प्रश्न बहुतेक कंपन्यांच्या ताळेबंदावर, गुणोत्तरांवर, बोनस आणि हक्कभागांवर, नियमांवर. माझ्या शेजारी बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा होता, तो चाळीस मिनिटांत उठून गेला. मी शेवटच्या मिनिटापर्यंत बसले. ७१ मिळाले. अर्थतज्ज्ञांनी तीन आठवडे ठेवावेत. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, मग नूतनीकरण.

मार्चमध्ये ठेव. तेव्हा ग्राहक १५० पर्यंत असतील तर एक लाख रुपये अनुसूचित बँकेत मुदत ठेवीत ठेवायचे होते आणि त्यावर पर्यवेक्षण मंडळाच्या (सेबीच्या वतीने विश्लेषकांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या) नावे बोजा नोंदवायचा होता, म्हणजे त्यांच्या संमतीशिवाय ती ठेव मोडता येत नाही. संशोधन विश्लेषकांसाठी हे मंडळ म्हणजे बीएसई (मुंबई शेअर बाजार), जुलै २०२४ पासून. ग्राहक वाढले की ठेव दोन, पाच, दहा लाखांपर्यंत चढते. माझे ग्राहक तेव्हा चार, त्यामुळे एक लाख.

ऐकायला सोपं. मी ज्या शाखेत गेले तिथे (बँकेचं नाव कशाला) काउंटरवरच्या ताईंनी अर्ज वाचला आणि विचारलं, "कर्ज कुणाला हवंय?" म्हटलं, कुणालाच नाही. "मग बोजा कशाला?" शेअर बाजाराचं नाव ऐकून त्यांनी मला मॅनेजरकडे पाठवलं. मॅनेजर भला माणूस होता, पण त्याची समजूत झाली की मी डिमॅट खातं उघडायला आलेय. दुसऱ्या खेपेला ते रजेवर. तिसऱ्या खेपेला ठेव झाली, पण पावतीवर बोजा माझ्याच नावे. म्हणजे माझ्या ठेवीवर माझाच बोजा! ते दुरुस्त व्हायला अजून नऊ दिवस. एकूण सव्वीस दिवस गेले. तेव्हा असं करा: बोजाच्या पत्राचा मसुदा आधीच घ्या, त्यावर ज्याच्या नावे बोजा त्याचं पूर्ण नाव ठळक लिहा, आणि घराजवळच्या छोट्या शाखेत न जाता जिथे बँक हमीची कामं रोज होतात अशा मोठ्या शाखेत जा. ठेवीवर व्याज मिळतं, ते तुमचंच.

याच काळात गुढीपाडवा आला, ३० मार्च. बाबा दरवर्षी कडुलिंबाची चटणी खाऊन पंचांगातलं संवत्सरफल मोठ्याने वाचतात. पाऊस किती, धान्याचं काय. वाचून झाल्यावर चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "यांना कुठे लागते सेबी?"

एप्रिलमध्ये अर्ज. पहिली चाळणी बीएसईकडे, मग सेबीच्या मध्यस्थ पोर्टलवर. अर्जाचं शुल्क व्यक्तींसाठी दोन हजार, मंजुरीनंतर नोंदणीचं तीन हजार, दोन्हींवर जीएसटी. पर्यवेक्षण मंडळाचं शुल्क वेगळं. भरण्याआधी त्या दिवशीचे आकडे पोर्टलवर पाहून घ्या. पदवी, परीक्षेचं प्रमाणपत्र, विवरणपत्रं, पतअहवाल, ठेवीची पावती, 'योग्य व पात्र व्यक्ती' असल्याचं घोषणापत्र. आणि पायाभूत सुविधांची माहिती. कार्यालयात काय काय आहे? मी खरं ते लिहिलं: एक लॅपटॉप, एक मॉनिटर, प्रिंटर, कुलपाचं कपाट, टेबल. टेबल जेवणाचं आहे हे लिहिलं नाही.

खरी गंमत हितसंबंधांच्या नोंदीत आली. ज्या रोख्याबद्दल तुम्ही लिहिता त्यात तुमचं किंवा नातेवाइकांचं आर्थिक हित असेल तर अहवालात सांगावं लागतं. शिफारशीच्या आधी ३० दिवस आणि नंतर ५ दिवस तुम्हाला स्वतःला त्यात व्यवहार करता येत नाही. म्हणून बाबांना म्हटलं, तुमच्या डिमॅटचं पत्रक द्या. बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेले. चार-पाच शेअर असतील असा माझा समज. निघाले सदतीस कंपन्यांचे, त्यातल्या सहा बँका. "हे कधी घेतलेत?" "तुझ्या लग्नाच्या आधी." "आईला माहीत होतं?" यावर ते उठून फुलझाडांना पाणी घालायला गेले.

३० एप्रिलला अक्षय्य तृतीया होती. मामाने फोन करून विचारलं, "अगं, भेंडवळचं भाकीत आलं का?" बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला त्या संध्याकाळी शेतात घटमांडणी करतात, खड्ड्यात पाण्याची घागर, भोवती धान्यांचे दाणे, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काय हललं, काय जागेवर राहिलं ते बघून पीक-पाणी सांगतात. मी म्हटलं, "मामा, मी काय सांगते त्याला काही किंमत आहे की नाही?" तो म्हणाला, "आहे ना. पण तू महिन्याचं सांगतेस, ते वर्षाचं." मुद्दा चुकीचा नव्हता. माझ्या दोन महिन्यांच्या अंदाजात दम असतो. बारा महिन्यांच्या अंदाजात बहुतेक पावसावरची श्रद्धा असते, आणि मी ते आता अहवालात पट्टा काढून दाखवते: पहिला महिना अरुंद, बारावा एवढा रुंद की त्यात ट्रॅक्टर जाईल.

मेच्या मध्याला अर्जावर शंका आली. चूक माझीच. घर बाबांच्या नावावर, मी कार्यालयाचा पत्ता तोच दिला, पण त्यांचं ना-हरकत पत्र जोडलं नव्हतं. आणि मागच्या संस्थेतून कार्यमुक्त केल्याचं पत्र जोडलं होतं त्यावर माझं नाव माहेरचं, पॅनवर सासरचं. लग्न मोडल्यावर मी नावं बदलत बसले नाही, त्याची ही किंमत. प्रतिज्ञापत्र केलं, पाठवलं. बायकांनो, अर्ज करण्याआधी सगळे कागद टेबलावर पसरून फक्त नावाचं स्पेलिंग ताडा. एक संध्याकाळ जाईल, महिना वाचेल.

उत्तर पाठवलं आणि वाट बघत असताना ६ जून आला. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण. फेब्रुवारीत पाव टक्का, एप्रिलमध्ये पाव टक्का, दोन्ही माझे बरोबर होते. जूनमध्येही पाव टक्का असं मी लिहिलं होतं, बहुतेकांनी तेच लिहिलं होतं. सकाळी दहाला गव्हर्नर बोलायला लागले आणि कपात निघाली अर्धा टक्का, ६ वरून थेट ५.५. वर रोख राखीव प्रमाणात (ठेवींपैकी जो वाटा बँकांना रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो त्यात) एक टक्का कपात, टप्प्याटप्प्याने. आणि त्याच दमात धोरणाची भूमिका 'अनुकूल'वरून 'तटस्थ'. म्हणजे देणं दुप्पट, पण पुढच्या वेळी मागू नका.

बंगळुरूचा ग्राहक त्याच आठवड्यात गेला. भांडण नाही, शिव्या नाहीत. "तिमाहीनंतर नूतनीकरण करत नाही" एवढीच ओळ. नोकरीत असताना असा दिवस आला की आम्ही पंधराजण मिळून कँटीनमध्ये जायचो आणि सगळे चुकले यावर हसायचो. इथे दुपारभर मी एकटी स्वयंपाकघरात भांडी घासत होते, घासलेलीच. संध्याकाळी तक्त्यात ओळ भरली: अंदाज ०.२५, प्रत्यक्ष ०.५०. शेरा या रकान्यात 'सगळेच चुकले' असं लिहिलं आणि खोडलं. ग्राहकाने सगळ्यांना पैसे दिलेले नव्हते.

पुण्याच्या गृहस्थांचा फोन दुसऱ्या दिवशी. मला वाटलं हेही गेले. ते म्हणाले, "तुम्ही पहिल्या पानावर चूक छापलीत. बाकीच्या दोघांनी छापली नाही. बाकीचं जाऊ द्या, आता पुढे काय ते सांगा."

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात नोंदणी आली. क्रमांक 'आयएनएच'ने सुरू होतो. पहिल्या अर्जापासून सुमारे चार महिने, परीक्षेपासून धरलं तर सहा. बाबांनी पेढे आणले आणि प्रमाणपत्र देव्हाऱ्यापाशी ठेवलं. पण नोंदणी म्हणजे कामगिरीची हमी नव्हे. अशा अर्थाचं वाक्य प्रत्येक अहवालात छापावं लागतं.

खरी शिस्त नोंदणीनंतर लागली. प्रत्येक ग्राहकाची केवायसी. महत्त्वाच्या अटी-शर्तींचं ठरीव पत्र त्यांच्याकडून संमतीसह घ्यायचं. परतावा नक्की मिळेल असा शब्द कुठेही नाही. अहवालासाठी एआय वापरत असाल तर तसं ग्राहकाला सांगायचं. नोंदी पाच वर्षं जपायच्या. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत अनुपालनाचं लेखापरीक्षण. व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबांकडून वर्षाला प्रति कुटुंब १,५१,००० रुपयांपेक्षा जास्त शुल्क घेता येत नाही. कंपन्यांना ही मर्यादा नाही. माझे दर त्या मर्यादेच्या खालीच आहेत, पण करारात तसं लिहावं लागलं. फोनवर शिफारस केलीच तर त्याचीही नोंद, म्हणून आता मी फोनवर शिफारस करतच नाही. "लिहून पाठवते" म्हणते. जानेवारीत हे वाक्य माहीत असतं तर बरं झालं असतं.

हिशेब: परीक्षा, शुल्कं, वकील, सीए, प्रतिज्ञापत्रं, व्यवसाय कर, सगळं मिळून ५० हजारांच्या थोडं आत. एक लाखाची ठेव वेगळी. पहिल्या बारा महिन्यांत बिलं केली ७ लाख ८० हजारांची, त्यातून १० टक्के टीडीएस आधीच कापून. मुंबईतल्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. घरभाडं नाही म्हणून निभावलं.

१२ नोव्हेंबर २०२५, बुधवार. बरोबर एक वर्ष. आकडा पूर्वी संध्याकाळी साडेपाचला यायचा, हल्ली दुपारी चारला. ऑक्टोबरच्या महागाईचा माझा अंदाज ०.५ टक्के. आला ०.२५. त्या मालिकेतला सगळ्यात कमी. अन्नाचे भाव वर्षभरापूर्वीपेक्षा पाच टक्के खाली, भाज्या तर सत्तावीस टक्क्यांहून जास्त. मागच्या वर्षीचा ४२ टक्क्यांचा डोंगर आता तुलनेचा पाया झाला होता, त्यात २२ सप्टेंबरची जीएसटी कपात. दिशा बरोबर, खोली चुकली. चूक पाव टक्क्याची, मागच्या वर्षीपेक्षा थोडी कमी. तक्त्यात भरली.

पाच वाजता मामाचा फोन. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती.

"महागाई शून्यावर आली म्हणे."

"जवळजवळ."

"म्हणजे आमचाच भाव पडला ना गं?"

मी गप्प. लासलगावचे भाव त्यानेच मला वर्षभर पुरवले होते.

"कांदाचाळीत अजून दीडशे क्विंटल उन्हाळ कांदा पडलाय," तो म्हणाला. "कोंब फुटायला लागलेत. आत्ता काढू की पंधरा दिवस थांबू?"

कांदा म्हणजे शेअर नाही. सेबीची काही आडकाठी नव्हती, तीस दिवसांचा नियम नव्हता, लिहून पाठवते म्हणायचीही गरज नव्हती. मी पंधराच्या पंधरा खिडक्या उघडल्या, वीस मिनिटांनी परत फोन केला आणि सांगितलं, "मामा, निम्मा काढ."

तो हसला. "हे तर मीच ठरवलं होतं," म्हणाला.